लाल चौकट

चाकाच्या खुर्चीची दोन्ही चाकं बाथरूमच्या दारात रुतली आणि खुर्चीत मी. पुढं जाता येईना, मागं येता येईना. डावं कोपर सोललं. मागं बंगल्याचा मालक, त्याची म्हातारी आई, सुतार आणि माझी नात उभी.

खुर्ची त्या आईची. नात आर्किटेक्ट, खंडाळ्याचा हा बंगला म्हणजे तिनं एकटीनं केलेलं पहिलं काम. म्हणून त्यांच्या आधी मला बसवून बघत होती.

मालक म्हणाला, उरलेलं काम दुसऱ्याला देतो.

घोळ कागदाचा होता. नातीच्या कॉम्प्युटरात सगळ्या दारांचा तक्ता असतो. रुंदी कमी भरली की तो आकडा लाल होतो. तेवढीच चौकट लाल. दार कुठल्या खोलीचं, ते चार रकाने अलीकडं पांढरंच. लाल का, हे कुठंच लिहिलेलं नाही. आणि तपासायला छापलेला तोच कागद चुकून सुताराकडं गेलेला.

सुतार शिरगावचा. मला म्हणाला, "मावशी, लाल लावलंय म्हंजी कुकू लावल्यागत. मी तेच दार आदी केलं."

"कुकवाला मापं नसत्यात," मी खुर्चीतूनच म्हणाले.

मालकाची आई हसली. मग मुलाला म्हणाली, "हिच्या जागी मी अडकले असते. पोरीनं आधी स्वतःची आजी घातली. काम तिच्याकडंच राहू दे."

मला घातली म्हणजे काय, ते विचारायचं होतं. पण सुतार तोवर चौकट उचकटायला लागला होता.

घरी नातीनं सॉफ्टवेअरवाल्यांना विनंती लिहायला घेतली. दीड पान झालं. मी म्हटलं, सरळ लिही, अख्खी ओळ रंगू द्या आणि लाल म्हणजे चूक हे कागदावर छापू द्या. त्यांचं उत्तर आलं: सूचना चांगली आहे, जास्त मतं पडली तर बघू.

मी विचारलं, उभं कोण राहिलंय?

"कुणी नाही गं आजी. ओळ."

मग मत द्यायला तिनं त्यांच्या साइटवर माझ्या नावाचं खातं उघडलं, सुताराचंही उघडायला लावलं. तीन मतं झाली. ओळ अजून पडलेलीच आहे.

बंगल्याचं दार मात्र रुंद झालं. मालकाची आई खुर्चीवरून आत जाते, बाहेर येते. त्या दारात अडकलेली बाई एकच, मी.