आबांचे जस्ती पिंजरे

यशोदा पगारेला लहानपणी सगळी कॉलनी 'का-बाई' म्हणायची. दुधावर साय का येते, पालीची शेपटी परत का उगवते. एकदा तोंड उघडलं की समोरच्याची खैर नाही. आई विमलाबाई कपाळाला हात लावायची, "अगं, जिभेला हाड आहे की नाही तुझ्या!" वडील मात्र खूश. निवृत्ती पगारे नाशिकला सातपूरच्या एका वर्कशॉपात कामाला होते. वितळलेल्या जस्तात लोखंड बुडवून त्यावर मुलामा चढवायचा, म्हणजे गंज धरत नाही, हे त्यांचं काम. संध्याकाळी कपड्यांवर राखाडी थर घेऊन घरी आले की पोरीला म्हणायचे, "इचार, यशे, इचार. मला नाय आलं तर मी दुसऱ्याला इचारीन."

यशोदाचा धाकटा भाऊ नाथा गोवरातून उठला, पुरळ गेलं, घरानं हुश्श केलं. आणि मग पोराला जुलाब लागले, मग खोकला, मग ताप. एक सरलं की दुसरं हजर. शेवटी डॉक्टर म्हणाले, "लढायची ताकदच उरली नाही अंगात." नाथा गेला. पुढे कधीतरी यशोदानं विचारलं, "आबा, ही ताकद अंगात कुठं असते?" निवृत्ती ताटावरून उठून बाहेर गेले. तिनं पुन्हा विचारलं नाही, पण सोडलंही नाही. सोडेल ती यशोदा कसली!

पोरगी प्राणिशास्त्र शिकली, नाशकातल्याच एका कॉलेजात शिकवायला लागली, आणि तिला त्या ताकदीचा निदान पत्ता तरी लागला. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. लहान मुलांत चांगली ठसठशीत, वय वाढेल तशी बारीक होत जाणारी. रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींपैकी बऱ्याच जणी तिथंच तयार होऊन बाहेर पडतात. उपासमार झालेल्या, आजारानं पिचलेल्या पोरांत ती अकाली सुकते. ती एक हार्मोन सोडते, आणि परदेशातल्या शास्त्रज्ञांनी नुकतंच दाखवलं होतं की त्या हार्मोनला जस्ताची साथ नसेल तर ते असून नसल्यासारखं. हे वाचताना पुण्याच्या लायब्ररीत यशोदा चक्क मोठ्यानं हसली. जस्त? आबांच्या कढईतलं जस्त? अंगाला लागतं ते कणभर आणि येतं अन्नातून, पण चीज तीच की!

तिनं पीएच.डी.ला हाच विषय धरला. उंदरांचं जस्त तोडायचं, हार्मोन निपचित पडतं का बघायचं. आणि पडलं, तर जस्त परत दिल्यावर ते उठतं का? खरा जीव अडकला होता तो या दुसऱ्या प्रश्नात. साल त्र्याऐंशी. तिचे मार्गदर्शक जयराम सर येत्या उन्हाळ्यात रिटायर होणार, आणि त्यांच्यामागे उंदरांच्या खोलीत जुनी बाकडी ठेवायचं कॉलेजनं आधीच ठरवून टाकलेलं. म्हणजे जे काय व्हायचं ते त्याआधी. नाहीतर विषय गेला, उत्तरही गेलं.

उंदरांना पिंजरे हवे होते. निवृत्तींना कळलं आणि बाप पेटला! तारा आणल्या, जाळी वळली, मालकाची परवानगी काढून प्रत्येक पिंजरा जस्तात बुडवला. एकदा नाही, दोनदा. लेकीच्या कामात कसर नको. चकचकीत पिंजरे सायकलवर बांधून कॉलेजात आणले आणि मिशीला पीळ देत म्हणाले, "गंज चढला तर मिशी उतरवून दीन."

जस्त नसलेलं खाणं बनवायचं म्हणजे अंड्यातला पांढरा भाग धुऊन, वाळवून, त्यात मोजून बाकीचं घालायचं. पिवळा बलक कॉलनीत. शेजारची लंकाबाई म्हणाली, "यशोदाबाई, तुझी पीएच.डी. संपू नको देऊ गं. पोरं गुटगुटीत झाली माझी."

पोरं झाली तशी उंदीरही झाले, हीच तर पंचाईत! निम्म्या उंदरांना जस्ताचं खाणं, निम्म्यांना बिनजस्ताचं, आणि दोघांत फरक म्हणून नाही. तपासणीची रीत अशी, की पांढऱ्या पेशींभोवती मेंढीच्या रक्तातल्या लाल पेशी चिकटून झेंडूच्या फुलासारख्या दिसायच्या. त्यात एक औषध आणि उंदराचं रक्तद्रव घालायचं. हार्मोन जिवंत असलं तर फुलं मोडायची, निपचित असलं तर तशीच राहायची. यशोदा मायक्रोस्कोपला डोळा लावून बसायची आणि जिकडं तिकडं फुलं मोडलेली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. जयराम सर चष्मा पुसत म्हणाले, "उंदीर ऐकत नसतील तर सोपा विषय घ्या, बाई. अजून वेळ आहे." ती नुसतं "हो सर" म्हणाली आणि बाथरूममध्ये जाऊन रडली.

त्याच आठवड्यात पिंजरे धुताना तिला तो डाग दिसला. पाण्याच्या बाटलीपाशी, तारेवर, तांबूस. गंज! तिला हसू आलं. आज आबांची मिशी गेली. दुसरा पिंजरा पाहिला, तिथंही बाटलीपाशीच. तिसऱ्यातही. मग हसू थांबलं आणि जुनी का-बाई जागी झाली. दोनदा बुडवलेला मुलामा इथंच का गेला? गेला तर गेला कुठं? ती स्टूल ओढून समोर बसली. थोड्या वेळानं एक उंदीर आला, पाणी प्यायला आणि तीच तार चाटायला लागला. चाटली, कुरतडली, पुन्हा चाटली.

अरे देवा! खाण्यातलं जस्त तिनं तोडलं होतं आणि राहायला घरच जस्ताचं दिलं होतं.

आता हे आबांना सांगायचं कोणी? दोन दिवस तिनं चालढकल केली. तिसऱ्या संध्याकाळी चहा पिताना सांगून टाकलं. निवृत्तींनी कप खाली ठेवला. "म्हंजे तुझे इतके म्हैने माझ्यामुळं वाया गेले," एवढंच म्हणाले. "तसं नाही, आबा," ती म्हणाली, पण तसंच होतं, आणि दोघांनाही ते ठाऊक होतं. सकाळी विमलाबाईंची किंकाळी ऐकून ती धावली. निवृत्ती सफाचट मिशी काढून मोरीपाशी उभे. "बोललो व्हतो," ते म्हणाले. "आता सांग, कशाचे पाहिजेत?"

प्लॅस्टिकच्या टबांवर स्टेनलेस स्टीलच्या जाळ्या बसल्या. उंदरांचं खाणं तेच, पाणी शुद्ध केलेलं. आणि महिन्याभरात बिनजस्ताच्या उंदरांचे केस विरळ झाले, ते मलूल झाले. यशोदानं तपासणी लावली. फुलं जशीच्या तशी! हार्मोन निपचित पडलं होतं. जयराम सर खुर्ची सोडून धावत आले.

उरला दुसरा प्रश्न. मलूल उंदरांतले निम्मे तिनं उचलले आणि आबांच्या जुन्या पिंजऱ्यांत सोडले. खाणं बिनजस्ताचंच. मिळायचं ते तारेवरूनच मिळू दे, बघूच! निकालाच्या दिवशी तिनं वडिलांना मुद्दाम बोलावलं. निवृत्ती इस्त्रीचा सदरा घालून आले, मिशी पुन्हा अर्धीमुर्धी उगवलेली. तिनं त्यांना मायक्रोस्कोपपाशी बसवलं. आधी टबातल्या उंदराचं दाखवलं.

"ही फुलं दिसतायत?"

"दिसत्यात."

काच बदलली. "आता हे तुमच्या पिंजऱ्यातल्याचं."

निवृत्ती कितीतरी वेळ वाकून बघत राहिले. "नाय दिसत. मोडली." मग मान वर केली. "म्हंजे उठलं ते?"

"उठलं, आबा. तुमच्या तारांवर उठलं."

त्यांचा चेहरा फुलला आणि तसाच हळूहळू उतरला. शेजारच्या पिंजऱ्यात उंदीर तार चाटत होता. त्याच्याकडे बघत ते म्हणाले, "मी रोज अंगभर जस्त घेऊन घरी यायचो, यशे. आन आपला नाथा…"

इतक्या वर्षांत त्या घरात ते नाव कोणी घेतलं नव्हतं. जस्तावाचून गेला म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर तेही खोटं. तिनं वडिलांचा हात धरला. "कपड्यावरचं जस्त पोटात कामाला येत नाही, आबा. नाथाला काय कमी पडलं ते मला माहीत नाही. तेव्हा कुणी मोजलंच नाही."

निवृत्तींनी बाहीनं डोळे पुसले आणि पुन्हा मायक्रोस्कोपवर वाकले.

"मग आता मोज," ते म्हणाले. "उंदरांचं झालं. आता पोरांचं मोज."