टेबलावर वालाची पाटी

आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे वाल सोलणं. तेही वायरलेसच्या खोलीत.

चीनची लढाई होऊन दोनेक वर्षं झाली होती. लोणावळ्याच्या वर डोंगरावर ही खोली होती, मी तिथला राखणदार. घाटावरून जाणारी विमानं एकमेकांना नि आमच्या साहेबाला सांगत, मी कुठे आहे, किती उंच आहे, कुठे चाललोय. धुक्यात समोरचं दिसत नाही ना. बोलायचं ते टेबलावरच्या माईकचं बटण दाबून. ते दाबलेलं असेल तोवर बाकी सगळे मुके. बाहेरच्या माणसाला आत घ्यायची बंदी होती, पण भाकरी घेऊन आलेल्या बायकोला दारात कोण उभं करतो?

साहेब ढग बघायला बाहेर गेला. हिनं वालाची पाटी टेबलावर टेकवली, ती नेमकी बटणावर. आम्ही दोघं वाल सोलायला बसलो आणि ही मला झापायला लागली. सकाळी पायवाटेच्या वळणावर मी एका मोळीवालीला धडकलो होतो.

"वळणाच्या आदी आरोळी द्याया जीभ झडली व्हती का? आन् समोरून कुनी आलं तर उजव्या अंगाला व्हायचं! उजव्या! लय येळा सांगितलं!"

साहेब धावत आला, पाटी उडवली. खोलीभर वाल. घाटातल्या धुक्यात दोन विमानं समोरासमोर आली होती.

मग एक पायलट मराठीत बोलला, "बाई ओरडल्या, मी घाबरून उजवीकडे वळलो."

दुसरा म्हणाला, "मीपण. माझी आई अशीच ओरडते."

"मंग? काय वंगाळ सांगितलं?" ही म्हणाली नि खाली बसून वाल वेचू लागली.

साहेब मला म्हणाला, "भाऊ, उद्या पुण्याहून चौकशी येईल. आत कुणी नव्हतं म्हणा, नाहीतर तुमची नोकरी गेली."

मी व्हय म्हणालो.

ही घरी गेली, घागर उचलली नि तिथंच बसली. मी पोचलो तोवर तिचं संपलं होतं. दिवस मावळायच्या आत मसणात पोचवून आलो.

सकाळी कामावर गेलो. घरात बसून काय करू? पुण्याचा साहेब वही उघडून बसला होता. आमचा साहेब मला डोळ्यांनी खुणावत होता.

"आत कोण होतं?"

"माझी बायकू."

त्यानं लिहिलं, एक बाई.

"बाई न्हाई, माझी बायकू लिवा. आन् उजव्या अंगाला व्हा म्हनली, तेबी लिवा."

त्यानं लिहिलं. मग माझ्याकडच्या खोलीच्या किल्ल्या मागितल्या. दिल्या.