लाल खुपत होता

अकोल्याच्या त्या शेठचा चेहरा मला आता नीट आठवत नाही. त्याने मागितलेला हिरवा मात्र जसाच्या तसा आठवतो, आणि आठवला की अजून डोकं तापतं.

तेव्हा मी अमरावतीत एका दोन खोल्यांच्या ऑफिसात वेबसाइट बनवायचं काम करत होते. ऑफिसचे मालक, त्यांना आम्ही सर म्हणायचो, गिऱ्हाइकं आणायचे. पान कसं दिसेल, रंग कुठले लागतील, हे मी ठरवायचे. ते मी क्लासात शिकले नव्हते. माझे अब्बा पेंटर. दुकानांच्या पाट्या आणि शटर रंगवण्यात त्यांची हयात गेली. कामाला हात लावण्याआधी ते रस्त्याच्या पलीकडे जाऊन रिकाम्या पत्र्याकडे कितीतरी वेळ बघत राहायचे. मीही तेच करायचे. कॉम्प्युटर सुरू करण्याआधी डोळे मिटून अख्खं पान बघून घ्यायचे. आधी मागचा रंग, मग अक्षरं, आणि शेवटी नजर जिथे थांबायला हवी ती एक जागा.

कापसाचे ते फार वाईट दिवस होते. खेड्यांत पुढारी आणि कॅमेरेवाले येत, हळहळत, जात. आणि त्याच दिवसांत बियाणं आणि फवारणीची औषधं विकणाऱ्या या शेठचा धंदा एवढा फोफावला होता, की त्याला वेबसाइट हवी होती.

मी जीव लावून काम केलं. अकोल्याला जाता-येता एसटीच्या खिडकीतून रंग हेरले. आमची काळी माती ओली असली की काळी दिसत नाही, तिच्यात जांभळट तपकिरी उतरते. पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, पान धुळकट हिरवं असतं. फुलावर आलेल्या तुरीचा पिवळा लांबून मऊ दिसतो. या तीन रंगांत मी पहिलं पान केलं. ते मला सुंदर वाटलं होतं, अजूनही वाटतं.

शेठने दोन मिनिटं बघितलं. “हे तं वावरासारखं दिसून राह्यलं, मॅडम. वावर कोणाले पाहाचं हाय?”

त्याला भातशेतीचा फोटो हवा होता आणि तसाच चकचकीत पोपटी सगळीकडे. आमच्या भागात भात कुठे पिकतो, असं मी विचारलं, तर सर मध्येच हसले आणि विषय बदलला. बाहेर आल्यावर त्यांनी मला सांगितलं, गिऱ्हाइकाला शिकवायला जाऊ नकोस. मी रागाने धुमसत परत आले आणि मुकाट्याने सगळं पोपटी केलं.

मग औषधांचं पान आलं. कीटकनाशकाच्या प्रत्येक डब्यावर शंकरपाळ्याच्या आकाराचा एक शिक्का असतो. त्याचा रंग सांगतो विष किती जहाल आहे ते. लाल सगळ्यांत वाईट, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्यातल्या त्यात सौम्य. मी डब्यांचे फोटो लावले आणि प्रत्येकाशेजारी तो शिक्का मोठा करून दाखवला. शेठ म्हणाला, हे लाल-पिवळं डोळ्यांत खुपतं, पानाचा लूक जातो. सगळे हिरव्यात बसवा.

इथे मी अडून बसायला हवं होतं. बसले नाही. आणि खरं सांगायचं तर मला फार जडही गेलं नाही. पोपटीवर तो लाल खरंच खुपत होता. मी सगळ्या शिक्क्यांना हिरव्याच्या फिकट-गडद छटा दिल्या. पान एकदम शांत, नेटकं झालं. मी खुर्ची मागे घेऊन बघितलं आणि माझ्यातल्या कलाकाराला बरं वाटलं. शेठचा राग येतो तो वेगळा. पण ते बरं वाटणं आठवलं की स्वतःची चीड येते, ती कशानेच जात नाही.

महिन्याभराने मी तिवशाला खालाकडे, अम्मीच्या बहिणीकडे, गेले होते. बसस्टँडजवळच्या कृषी केंद्रावर माझं पान लटकत होतं. शेठने वेबसाइटवरून उचलून त्याचे मोठे फ्लेक्स छापले होते आणि दुकानादुकानांत वाटले होते. तोच पोपटी, तेच हिरवे शंकरपाळे. मी बघत उभी राहिले. तेवढ्यात एक बाई आली, पन्नाशीची असेल. तिने दुकानदाराकडे सुटं औषध मागितलं. अख्खा डबा न घेणाऱ्यांना तो मोठ्या डब्यातून बाटलीत ओतून द्यायचा, आणि बाटलीवर चिठ्ठीही नसायची. बाईने हे कुठल्या डब्यातलं ते विचारलं, आणि दुकानदाराने फ्लेक्सवरचा डबा दाखवल्यावर त्याच्याशेजारच्या शिक्क्यावर बोट ठेवलं.

“हिरवं हाय,” ती स्वतःशीच म्हणाली आणि बाटली पिशवीत टाकली.

मी विचारलं, हिरवं आहे म्हणजे काय? तिने मला समजावून सांगितलं, एखाद्या अडाणी शहरी पोरीला सांगावं तसं. संत्र्याच्या बगीच्यात ती मजुरीला जायची. फवारणारे गडी वेगळे, पण ड्रमात पाणी आणि औषध कालवायचं काम बायांचं.

“मले वाचता येत नाही, रंग कयते. लाल असन तं काडीनं ढवयतो आमी. हिरवं असन तं हातानं.”

मी तिला म्हटलं, “मावशी, ते लाल हाय. बोर्ड चुकीचा हाय.”

“तुले कसं मालूम?”

“म्याच बनवला तो.”

तिने बाटली पिशवीतून काढून काउंटरवर ठेवली. माझ्याकडे नीट बघितलं. “मंग कावून बनवला तसा?”

काय सांगणार होते? लूक जात होता म्हणून? दुकानदार माझ्यावर खेकसला, धंद्याच्या टायमाला कशाला डोकं खाता म्हणून. पण बाई हलली नाही. तिने मूळ डबा बाहेर काढायला लावला. शिक्का लाल होता. हे घेतलंय तर आता काडीनंच कालवीन, म्हणाली आणि बाटली उचलून गेली.

घरी येऊन अब्बांना सगळं सांगितलं. ते ओरडतील असं वाटलं होतं, ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त पान कसं होतं ते विचारलं आणि म्हणाले, “लाल चुभ रहा था तो हरा हलका करती, बेटा. लाल क्यूं निकाला?”

एवढं सोपं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात गेल्या-गेल्या मी मागचा पोपटी काढून तिथे राखाडीकडे झुकणारा अगदी फिका हिरवा टाकला आणि शिक्के जसे होते तसे बसवले. लाल उठून दिसला आणि पानही बिघडलं नाही. उलट आधीपेक्षा चांगलं झालं. अर्ध्या तासाचं काम. ते अर्ध्या तासाचं काम मी महिन्यापूर्वी केलं नव्हतं. मी ते पान कोणाला न विचारता साइटवर चढवलं आणि सरांना जाऊन सांगितलं.

सरांनी शेठला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. शेठ आवाज न चढवता बोलला. डब्यावर लाल आहे ना, कायदा डब्याला लागतो, वेबसाइटला आणि फ्लेक्सला कुठे लागतो? त्याने कुठेतरी विचारूनही घेतलं होतं. मी म्हटलं, लोक डबा बघत नाहीत, तुमचा फ्लेक्स बघतात. तो म्हणाला, “तो त्याईचा प्रश्न हाय.”

फोन खाली ठेवल्यावर मी सरांना म्हटलं, हे पान परत हिरवं करणार असाल तर मी उद्यापासून येत नाही. सर म्हणाले, तुझी मर्जी. त्यांनी संध्याकाळच्या आत जुनं पान पुन्हा चढवलं. मी दुसऱ्या दिवसापासून गेले नाही. कृषी खात्याच्या ऑफिसात एक अर्ज दिला. तिथल्या साहेबाने तो वाचला, लाल हिरवा दिसतो म्हणजे माझा मॉनिटर बिघडला असेल का असं विचारलं आणि अर्ज ठेवून घेतला. त्याचं पुढे काही झालं नाही.

तिवशाला मी त्यानंतरही जात राहिले. एकदा त्याच दुकानात शिरले. फ्लेक्स अजून तिथेच होता. दुकानदाराने मला ओळखलं आणि तक्रार केली, की ती बाई आता मूळ डबा पाहिल्याशिवाय काही घेत नाही, आणि तिच्यामागे बगीच्यातल्या बाकीच्या बायाही तसंच करायला लागल्या आहेत. एकेकीला डबा दाखवता दाखवता त्याचा सगळा वेळ जातो.

मी म्हटलं, मग हा बोर्ड काढून टाका ना.

तो म्हणाला, “चांगला दिसते.”