चारही कडांनी चिकटवलेली चिठ्ठी

टाकानिनीचे घोड्यांचे तबेले मागे पडले, तरी गुरुनाथकाकांनी तोंड उघडलं नव्हतं. एरवी चालताना त्यांच्या गप्पा संपत नाहीत. त्या दिवशी खांद्याची कापडी पिशवी छातीशी धरून ते नुसते पुढे बघत चालले होते. पायात मोजे, त्यांवर जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला. रुळांच्या कामामुळे रविवारची गाडी मनुरेवालाच थांबली होती. बदली बस समोर उभी होती, पण काका म्हणाले, "चालू या गं, कांचन. पापाकुरा सहा किलोमीटर तर आहे." पंचाहत्तरीचा माणूस चालतो म्हटल्यावर मी काय बोलणार?

मला मात्र घाई होती. आदल्या वर्षीच मी आमच्या मराठी मंडळाची चिटणीस झाले होते. २००८ च्या जूनअखेरपर्यंत मंडळाची धर्मादाय संस्था म्हणून नोंद झाली नाही, तर करातली सूट जाणार होती. अर्जाला मंडळाची घटना जोडायची, तिच्यातल्या आजवरच्या सगळ्या दुरुस्त्या रीतसर मंजूर झाल्या आहेत असं लिहायचं, आणि खाली मी सही करायची. जूनची आठ तारीख उजाडली होती. तो कागद चार दिवस आमच्या गणपतीपुढे ठेवलेला होता. रोज दिवा लावताना दिसायचा आणि सही काही होत नव्हती.

कारण काकांच्या पिशवीत होतं.

काका मुंबईला मंत्रालयात, विधी खात्याच्या ग्रंथालयात चौतीस वर्षं होते. काम एकच. कायद्यात बदल झाला की छापील चिठ्ठ्या यायच्या, त्या प्रत्येक पुस्तकात नेमक्या कलमावर चिकटवायच्या. राज्यघटनेच्याच साठ प्रती त्यांच्या ताब्यात. बेचाळिसावी घटनादुरुस्ती आली तेव्हा तीन आठवडे बोटांची खळ सुटली नाही. खळीत कसर लागू नये म्हणून विषारी मोरचूद घातलेला, तेव्हा सरलाकाकू त्यांना चमच्यानं जेवायला लावायच्या. पुढे सरकार बदललं, चव्वेचाळिसावी आली, आणि स्वतःच लावलेल्या चिठ्ठ्यांवर नव्या चिठ्ठ्या लावायची वेळ आली.

"राग नाही आला?" मी एकदा विचारलं होतं.

"मी कोण रागावणारा? मी चिठ्ठ्या लावणारा."

त्यांचा एक नियम होता. चिठ्ठी एकाच कडेनं चिकटवायची. उचलली की खालचं जुनं कलम वाचता आलं पाहिजे. बदल करावा, पण काय बदललं ते झाकू नये, असं ते म्हणत.

शहाण्णव साली मुलीकडे, निवेदिताकडे, दोघं इकडे परदेशात, पापाटोएटोला आले. निवेदिता औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट. या देशाची घटना एका पुस्तकात बांधलेलीच नाही, हे कळल्यावर काका दोन दिवस अस्वस्थ होते म्हणे. "मग हे लोक चिठ्ठ्या लावतात तरी कशावर?" मग मंडळाची घटना त्यांच्या हाती आली. बावीस पानं. निवेदिताच्या शेगडीवर मैद्याची खळ शिजवून त्यांनी एकेक दुरुस्ती लावली. एकंदर सहा.

त्या रात्रंदिवस माझ्या डोळ्यांपुढे होत्या. पाच चिठ्ठ्या पापण्यांसारख्या उचलल्या जात होत्या. चौथी चारही कडांनी घट्ट बसवलेली होती.

चौथी म्हणजे मतदानाची. जुनं कलम होतं, कुटुंबप्रमुखास एक मत. २००१ साली झालं, प्रत्येक प्रौढ सभासदास एक मत. त्या चिठ्ठीमुळे मी मत देऊ लागले, निवडणुकीला उभी राहिले, चिटणीस झाले. सही करण्याआधी सगळ्या दुरुस्त्या सभेच्या जुन्या वहीशी ताडून बघायच्या होत्या. ती वही पापाकुराला पुरुषोत्तमांकडे होती. तेव्हाचे चिटणीस ते.

"काका, चौथी चिठ्ठी अशी का लावलीत?" मी शेवटी विचारलं.

"खळ जास्त झाली असेल."

"तुमच्या हातून?"

"चिटणीस झाल्यापासून तू फौजदारच झालीस."

"सही माझी आहे, काका. वहीत ती मतमोजणीच नसली तर मी काय करू?"

ते चालत राहिले. तेवढ्यात माझा फोन वाजला. पुरुषोत्तम.

"कुठे आहात तुम्ही लोक? आमच्या सुचित्रानं वरण दोनदा गरम केलं. वही काढून ठेवलीय."

"येतोच," म्हणून मी ठेवला. "वही काढून ठेवलीय म्हणे."

"वहीत अठराच असणार," काका म्हणाले.

"काय अठरा?"

"मतं. हजर सव्वीस, बाजूनं अठरा. दोन तृतीयांशाला अठराच लागत होती. तू निर्धास्त सही कर."

मला हायसं वाटायला हवं होतं. पण त्यांचा आवाज काही निर्धास्त नव्हता.

"मग अडलं कुठे?"

"सतरा होती."

पुढच्या बस थांब्याच्या बाकावर ते बसले. मी उभीच राहिले. बाजूनं मालाचे ट्रक जात होते, त्यामुळे मला वाकून ऐकावं लागत होतं.

ठराव लिहिला होता सरलाकाकूंनी. पण बायकांना मत नाही तसा ठराव मांडायचाही हक्क नाही, म्हणून काकूंनी काकांना म्हटलं, तुम्ही मांडा. काका म्हणाले, मी जन्मभर कुणाची बाजू घेतली नाही. शेवटी माझ्या नवऱ्यानं, प्रमोदनं, मांडला. काका हात मोजायला उभे राहिले.

"मी स्वतःचा हात वर केलाच नाही. मोजणाऱ्यानं मत देऊ नये, अशी सवय. तसा नियम नव्हता बरं. दोनदा मोजले, सतरा. मागे चहाच्या भांड्यापाशी सरला उभी होती. तीही ओठांतल्या ओठांत मोजत होती. तिच्याकडे बघितलं आणि तोंडातून निघालं, अठरा."

"म्हणजे तुमचं मत धरून अठरा. मग खोटं कुठे?"

"हात वर नव्हता, कांचन."

मला एकदम संताप आला. मंडळात अजून चार जण असे आहेत, की चहाच्या रांगेत टोमणे मारतात, एका घरात दोन मतं म्हणजे दोन चुली. त्यांना आयतंच कोलीत. सात वर्षांच्या निवडणुका, माझं पद, सगळंच डळमळणार.

"मला कशाला सांगितलंत? वही तुमच्या बाजूनं आहे. कुणाला कळलं नसतं."

"सरलाला कळलं होतं. घरी येताना एवढंच म्हणाली, हात वर करायचात, मला तेवढंच हवं होतं."

आणि मला आठवलं. मतदानाची वेळ आली की काकू दरवेळी उठून चहा ओतायला जायच्या. मी समजायची, साधी बाई, पुढे पुढे करत नाही. २००५ ला त्या गेल्या. चार वर्षांत त्यांनी एकदाही मत दिलं नव्हतं.

काकांनी पिशवीतून थर्मास काढला, झाकणात कढत चहा ओतला आणि घटनेचं ते पान वाफेवर धरलं. मी वाऱ्याच्या बाजूला आडोसा करून उभी राहिले. मनात गणपतीचं नाव घेत होते, दुसरं काय करणार. बऱ्याच वेळानं एक कड सुटली. मग नखानं त्यांनी दुसरी, तिसरी सोडवली. चौथीला हात लावला नाही. चिठ्ठी उचलली. खाली जुनं कलम होतं, जरा पिवळं पडलेलं. कुटुंबप्रमुखास एक मत.

"नोटीस चौदा दिवसांची," काका म्हणाले. "आज धाडलीस तर बावीस तारखेला हाच ठराव पुन्हा मांडायला सभा होते. अर्जाला आठ दिवस उरतात."

"आणि मत फक्त कुटुंबप्रमुखांना. मला नाही."

"तुला नाही."

"ठराव पडला तर, काका?"

"तर पडला. तू खोटी सही केलीस असं तरी होणार नाही."

फोन पुन्हा वाजू लागला. मी तो खिशातच दाबून धरला. काकांनी थर्मास बंद केला, पान ओलं होतं म्हणून घटना उघडीच मांडीवर ठेवली, आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं.

"ठराव मी मांडतो. सरलाच्याच शब्दांत. हातही वर करतो, सगळ्यांच्या आधी. तुझ्याकडे एवढंच मागणं आहे गं. मोजायला मला उभं करू नकोस."