उन्हात घातलेली गादी

माझी माय डाव्या कुशीवरच झोपायची. हौस नव्हती ती. जन्मभर वाकून रोवणी केली, पाठीला पोक आलं, म्हणून उताणं पडता येईना. त्यात गावी, एकोडीला, धानाच्या बांधीत पाय घसरून उजवा खुबा मोडला, तो वाकडाच जुळला. उरली एक डावी कूस. सगळा भार तिच्यावर. मग डावा खुबाही ठणकायला लागला, खांदा लागला. मी तिला साकोलीला माझ्या घरी आणलं. बाजेवर धानाचं तणस घातलं, त्यावर वाकळ, वाकळीवर लुगड्यांच्या घड्या. तरी कण्हणं थांबेना.

त्या सालात माझा धाकटा भाऊ नागपूरहून एसटीच्या टपावर एक रबराची गादी घेऊन आला. त्याच्या साहेबाची बदली झाली, त्यांनी जाता जाता दिलेली. खालून नुसती भोकंच भोकं. माय हसली, "अनारशावानी जाळी पडली वं इले!"

पण बाजेवर टाकली तर माय मधोमध झोळीत पडल्यासारखी. खाली फळ्या घातल्या तर खुबा पुन्हा टेकला. तीन दिवस मी नुसती तिला उठव, निजव, उठव, निजव. ती विव्हळायची आणि मी तिच्यावरच खेकसायची. शेवटी विळा घेतला, गादी उलटी केली आणि खुबा येतो तिथं खालून ताटलीएवढा खळगा कोरून काढला. निघालेला तुकडा खांद्याखाली सरकवला आणि वरून जुन्या लुगड्याची खोळ शिवली. माय पडली. जरा वेळानं बघते तर डोळा लागलेला, तोंड उघडं. मी दारात बसून रडले. आनंदानंच रडले, खोटं कशाला सांगू.

होळी झाली. आमच्याकडे होळीनंतर घरोघरी गाद्या अंगणात येतात. ऊन दाखवायचं, काठीनं झोडायच्या, की कापूस फुलतो. मी मोठी शहाणी! रोज सकाळी मायला चटईवर घ्यायची आणि रबराची गादी उन्हात. वर काठीही हाणायची.

"रोज कायले उन्हात टाकून राहिली वं? मले खाली लागते," माय म्हणायची.

"तू गप पड. गादी म्हणजे गादी. मला नको शिकवू."

चैत्र सरेपर्यंत खोळ वरून तांबूस झाली. मला वाटलं, डाग. मग बाजेखाली रोज पिवळा भुगा दिसायला लागला. मला वाटलं, फळ्यांना भुंगा लागला. माय पुन्हा कण्हायला लागली, तेव्हा खोळ उसवली. आत गादी नव्हतीच. जुन्या पापडासारखे तुकडे, बोट लावलं की मोडत होते.

भाऊ आला, बघून कपाळावर हात मारला. "अगं ताई, रबर उन्हात मरते ना!"

"मग आधी सांगायला तोंड नव्हतं तुला?" मी ओरडले. त्याचा काय दोष? पण कुणावर तरी ओरडायला हवं होतं. दुसरी गादी आणणं ना त्याच्या हातात होतं, ना माझ्या.

मायला पुन्हा तणसावर निजवलं. खरं सांगायची माझी छाती झाली नाही. तुकडे परसात टाकले आणि तिला म्हटलं, गादी धुतली आहे, वाळत घातली आहे.

त्यानंतर रोज दुपारी ती विचारायची, "वाळली काय वं गादी?"

"थोडी ओल आहे, माय."

बाहेर वैशाखाचं ऊन, अंगणात पाय ठेववत नव्हता. आणि मी ओल आहे म्हणून सांगत होते कुणाला? जिनं जन्मभर खळ्यावर धान वाळवलं, मुठीत घेऊन ओल ओळखली, तिला.

बाजेचा सुंभ मुठीत घट्ट धरून ती म्हणायची, "राहू दे मंग. चांगली वाळू दे."