पाला नसलेली ओळ

“डॉक्टर परदेशी गेलेच नव्हते, तर मग तसं सांगितलं कोणी?”

“मी,” नणंद म्हणाली. “आणि फोन करून ऑपरेशनची तारीखही मीच रद्द केली. आईला विचारून. आता काय, फाशी देतेस?”

विचारणारी सून अजून ओट्यापाशीच उभी होती. खांद्यावरची पर्ससुद्धा उतरवली नव्हती. कामावरून आल्या आल्या पाणी प्यायला आत गेली, वाटेतलं पातेलं बाजूला करायला उचललं, तर त्याच्या तळाशी हिरवट काळा थर. वास घ्यायची गरज नव्हती. चार महिने तोच वास तिच्या बोटांना होता. तिने विचारलं आणि एकेक खोटं बाहेर पडलं.

“सहा आठवडे झाले,” खुर्चीतून सासू म्हणाली. “सकाळ-संध्याकाळ अर्धा पेला. कडू जहर. पण तूच जेवताना म्हणालीस ना, त्या झुडपाच्या पाल्याने आतड्याच्या कॅन्सरच्या सगळ्या पेशी सपाट? मग माझं पोट कशाला फाडून घेऊ?”

तिला एकदम काही ऐकू येईना. नळ चालू होता, तोही दिसत होता फक्त.

तेवीस वर्षं ती प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होती. तिथली पोरंपोरी तिला थेंबबाई म्हणत. शहाण्णव खळग्यांची हातभर नाही, तळहाताएवढी प्लेट. प्रत्येक खळग्यात मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या पेशी, आणि त्यांवर ती सोडणार वनस्पतीच्या अर्काचा नेमका थेंब. दोन दिवस उबेच्या कपाटात ठेवायचं, मग पिवळा रंग घालायचा. पेशी जिवंत असतील तर रंग जांभळा होतो, मेल्या असतील तर पिवळाच राहतो. एवढ्या वर्षांत शेकडो पाले, मुळ्या, साली झाल्या आणि बहुतेक वेळा जांभळंच दिसलं. तिला त्याचं वाईटही वाटेनासं झालं होतं.

आणि सासूचा रिपोर्ट आला त्याच आठवड्यात, फाटकाजवळच्या जाड पानांच्या झुडपाने ओळच्या ओळ पिवळी दिली. त्या दिवशी ती घरी येऊन बोलून गेली. उचलली जीभ, लावली टाळ्याला. झुडूप कोणतं, तेही नणंदेने विचारलं आणि हिने हौसेने सांगितलं.

परवा तोच प्रयोग तिने पुन्हा लावला होता, आणि आज दुपारी प्लेट बाहेर काढली होती. प्रत्येक प्लेटमध्ये एक ओळ पाल्याशिवाय असते. पाला ज्यात भिजवला, नुसतं तेच त्या ओळीत घालायचं, तुलनेसाठी. आधीचे अर्क पाण्यातले होते, म्हणून पहिल्या वेळी हात सवयीने पाण्याच्या बाटलीकडे गेला होता. पण हा पाला भिजवला होता अल्कोहोलमध्ये. या वेळी तिने त्या ओळीत नुसतं अल्कोहोल घातलं होतं. पाल्याचा कणही नव्हता, तरी ओळ पिवळीधमक.

“होतं असं,” प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या होत्या. “वहीत लिहून टाका.”

तिने लिहिलंही होतं, नीट अक्षरात. बसमध्ये बसल्यावर तिला फक्त लाज वाटत होती. ते पातेलं तोवर पाहिलं नव्हतं.

“अगं, बोल की काहीतरी,” नवरा म्हणाला. दोन्ही डगरींवर हात ठेवायची त्याची जुनी सवय. “ताईचंही चूक नाही आणि तुझंही.”

“माझं चूक आहे,” ती म्हणाली. तिने नळ बंद केला. “आई, त्या पेशी पाल्याने मेल्या नव्हत्या. ज्यात पाला भिजवला होता त्याने मेल्या. मी तुलनेच्या ओळीत चुकीची बाटली वापरली. आज कळलं.”

“आता ऑपरेशन करून घ्यावं म्हणून रचतेस,” नणंद म्हणाली, पण आवाज खाली आला होता.

“आणि पाला खरा ठरला असता तरी बशीतल्या पेशी वेगळ्या, पोटातली गाठ वेगळी. बशीत त्या साबणाच्या पाण्यानेही मरतात, ताई. हे मला त्याच दिवशी सांगायला हवं होतं.”

सासूने चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले होते. ती खुर्चीतच हिच्याकडे वळली.

“म्हणजे माप चुकलं, आणि सहा आठवडे मी त्याच मापाने बेतत बसले.”

“हो.”

“गाठ तेवढीच असेल?”

“माहीत नाही. मी आता फोन करते.”

तिने तिथेच, सगळ्यांसमोर फोन लावला. पलीकडची बाई सावकाश बोलत होती. गुरुवारी जागा आहे, पण तपासण्या पहिल्यापासून कराव्या लागतील; गाठ वाढली असेल तर डॉक्टर बेत बदलतील. ती प्रत्येक वाक्य मोठ्याने घरात सांगत गेली, आणि शेवटच्या वाक्याला नणंदेला रडू फुटलं.

“रडू नकोस, मी प्यायले, तू काही पाजलं नाहीस,” सासू लेकीला म्हणाली. मग ती खुर्चीच्या हाताला धरून उठली, सुनेच्या हातातलं पातेलं घेतलं आणि घासायच्या भांड्यांत ठेवलं.

“गुरुवारी मी दवाखान्यात दाखल होणार. बरोबर ही राहील. चूक झाल्यावर ती तोंडावर सांगते, मला तिथे तसंच माणूस लागेल.”