विकलेल्या लेकराचे कपडे

पोट्टा ओसरीत खेळून राहिला हाये, तवर लिहून घेते. मी चौथीपर्यंत शिकली, शुद्ध-अशुद्ध मले समजत नाई, पन हे कुठं तरी सांगून टाकलं पाह्यजे, नाई तं छाती फुटन माही.

मले लहानपनापासून चांगल्या कपड्याचा शौक. घरी बटईच्या, म्हनजे अर्ध्या वाट्याच्या, दोन बांध्या धान, हे दिवसभर चिखलात, आन् मी मांजरपाटाच्या लुगड्याले भाताची पेज लावून कडक करत बसे. इस्त्री आमच्याकडं कुठून येईन, मी तांब्याच्या गडव्यात चुलीतले इंगळ भरे आन् त्याचं बूड कपड्यावर फिरवे. अशी घडी बसे का गोंदियाच्या धोब्यानंबी पाहत राहावं. तलावाच्या पाळीवर वाळा उगवते, त्याच्या मुळ्यांची जुडी लुगड्यात ठेवली का अत्तराची गरजच नाई. फाटक्या रेशमी पातळाची किनार बोहारनीपासून घेतली आन् झंपराच्या बाहीले लावली, तं बाजारात बाया इचारत, काय वो, नागपूरवरून शिवून आनलं का. मी म्हने, हो, मामेबहिनीनं पाठवलं.

सासू पाहे आन् म्हने, "धानाच्या रोवन्याले जाऊन राहिली का लगनाले जाऊन राहिली वो, महारानी?"

हे हासत. म्हनत, "जाऊ दे ना माय, फुकटात नटून राहिली."

फुकटातच होतं ते. तवर फुकटातच होतं.

माहं पहिलं लेकरू तेराव्या दिवशी गेलं. दुसरा हा पोट्टा झाला तं सासू म्हने, हा आपल्या घरचा ठेवायचा नाई, इकून टाकायचा. इकायचा म्हनजे खरोखरचा नाई, आमच्याकडं रीत हाये. ज्या घरी लेकरं जगत नाई तिथं लेकराले सुपात घालून दुसऱ्या बाईले देतात, ते बाई सूपभर कोंडा देते, आन् माय म्हनते, हा तुमचा, मी नुसती वागवते. मंग जे नेनारं असते ते फसते. ज्या घरी लेकरू गेलं त्या घरी ते पाहाले येते, आन् तिथं तं माहं लेकरूच नसते. पहिलं जावळ काढलं का तेवढाच कोंडा परत नेऊन द्यायचा आन् लेकरू आपलं करून घ्यायचं. जावळ काढल्यावर थांबायचं नाई. हे सासूनं तवाच मले दोनदा सांगतलं होतं, मी ऐकलं नाई असं नाई.

सासूनं पोट्टा पाटलीनबाईले द्यायचं ठरवलं, गावात मोठं घर तिचंच. त्यायचा तलाव आजोबाच्या आजोबानं बांधला म्हनतात. पाटीलबुवा गेलेले, पोरगा एकच झालता, तोबी लहानपनी गेला. कसा गेला ते मले तवा माहीत नव्हतं, मी तं दुसऱ्या गावची, आन् त्या घरच्या गोष्टी कोनी मोठ्यानं बोलत नसे.

दुसऱ्या बाया अशा येळी हासतात, चिडवतात, "नकटा हाये, कोंडा कमीच देईन," असं म्हनतात. पाटलीनबाई हासली नाई. तिनं सुपातल्या पोट्ट्याकडं लय वेळ पाह्यलं आन् इचारलं, "पक्का?"

सासू म्हने, "पक्का बाई."

"तू सांग," ती मले म्हने.

मी घाईघाईनं म्हनली, "हा तुमचा. मी नुसती वागवते."

तिनं कोंडा दिला, आन् आतून संदूक आनाले लावली. त्याच्यातून एक झबलं काढलं. मखमलीचं, पिकलेल्या जांभळाच्या रंगाचं, गळ्याले सोनेरी गोटा. म्हने, "माहा पोरगा उघडा नाई जाईन." आन् तिच्याच हातानं घातलं. असं बसलं, जसं शिंप्यानं माप घेऊन शिवलं.

आता खरं सांगते. मले भेव वाटलं, पन त्याच्यापेक्षा जास्त आनंद झाला. असं कापड मी हातानं कधी धरलं नव्हतं. घरी येऊन मी ते उलटं-सुलटं करून पाह्यलं, आतली शिलाई पाह्यली, अस्तर पाह्यलं. त्यायची गावावर मालगुजारी असताना रायपूरवरून कापड येत असन. रातीनं झोपली तवा ते गालाखाली घेऊन झोपली.

मंग दर दोन-तीन महिन्यानं पाटलीनबाईचं बलावनं ये. "पोट्ट्याले घेऊन ये." ती संदुकीतून एक कपडा काढे, पोट्ट्याले घाले, आन् तो बसेच. कधी एक बोट ढिल्ला नाई, कधी एक बोट आखूड नाई. रेशमाचा कुर्ता, जरीची टोपी, गुलाबी पावडरचा डबा, मोज्याचा जोड. मलेबी जुनं पातळ दे, कपबशीत चहा दे. बाजारात मी पोट्ट्याले कडेवर घेऊन चाले तं भाजीवालीबी उठून उभी राहे. एक बाई म्हने, "काय वो, पोट्टा भाड्यानं आनला का?" मी रागावली नाई, हासली. तसं सुख मले कधी भेटलं नव्हतं, पुढं भेटन असं वाटत नाई.

जावळ काढलं. सासू म्हने, "कोंडा काढून ठेवला हाये. उद्या देऊन ये."

मी म्हनली, "थांबा ना, पुढच्या महिन्यात."

कारन मी संदुकीत डोकावली होती. अर्धी संदूक भरली होती अजून.

पुढचा महिना असा सव्वा साल चालला. सासूनं बोलनं सोडलं माह्यासंगं. नुसती म्हने, "लेकरू हाये का दुकान हाये वो तुहं?"

एक खाकी कोट होता, पितळेच्या बटनाचा. त्याच्या डाव्या कोपरावर रफू केलं होतं, इतकं बारीक का मी बोट फिरवलं तवाच समजलं. मले त्या रफूचंच कौतुक. त्याच हप्त्यात पोट्टा चुलीजवळ सरकला आन् त्याचं डावं कोपर भाजलं. मी हळद लावली, आन् काही मनात आनलं नाई. लेकरं भाजतातच.

मंग एक चड्डी आली, उजव्या गुडघ्यावर आतून ठिगळ. घालून चार दिवस झाले आन् पोट्टा जात्यावर पडला. उजवाच गुडघा फुटला, आन् चड्डीबी फाटली, त्याच ठिगळावर, बरोबर त्याच्याच कडेनं. रफू, ठिगळ हे पोरगं पडल्यावर करतात ना. आमच्याकडं पहिले ठिगळ आलं.

यायले सांगतलं तं हे म्हने, "कपडे होय ते. कपडेच होय. तुले कायले काहीबी सुचते वो?"

पन कोटाच्या खिशाचं मी यायले सांगतलं नाई. कोट पहिल्यांदा घातला तवा मले माहीतच नव्हतं का आतून खिसा हाये. पोट्ट्यानं घालताच हात आत घातला, आन् चिंचोका काढला. भाजलेला, अर्धा चावलेला. आन् तोंडात टाकला.

दसरा जवळ आला. पाटलीनबाईनं बलावलं. संदूक आता जवळजवळ रिकामी होती, मले तळाचा पिवळा कागद दिसून राहिला होता. तिनं शेवटचा कपडा काढला. किनखापाचा अचकन, लहानसा, गळ्यापासून खालवर बटनं. मी जन्मात एवढं सुंदर कापड पाह्यलं नाई, खरंच सांगते, तवाबी माहे हात पुढं गेले.

ती म्हने, "दसऱ्याले हाच घाल. पूजेले तलावावर घेऊन येजो. मी वाट पाहीन."

घरी आनून मी उलटा केला. मले सवयच हाये, पहिले शिलाई पाहायची. पाठीवर मधोमध, मानेपासून खालवर, एक शिवन होती. शिंप्याची नव्हती ते. शिंपी पाठ अशी जोडत नाई, किनखापाचे फुलं अर्धे-अर्धे कापले गेले होते. कोनीतरी मागून कातरीनं उभा फाडला होता, आन् मंग हातानं, बारीक टाके घालून, परत शिवला होता. आन् अस्तराले खालून छातीपर्यंत पान्याची रेघ होती, पिवळी, जशी भिजून वाळल्यावर पडते.

पुढून बटनं असताना कपडा मागून कापायची गरज कवा पडते? अंग कडक झालं, फुगलं, का बटनं निघत नाई, तवा.

मी सासूपुढं नेऊन टाकला. म्हनली, "तिचा पोरगा कसा गेला?"

सासूनं अचकनकडं पाह्यलं आन् खालीच बसली. "तुले माहीत नाई?" ती म्हने. "दसऱ्याले गेला तो, बाई. तलावात. अडीच सालाचा होता." मंग माह्या पोट्ट्याकडं पाह्यलं. तोबी अडीचचा झालता.

ती उठली आन् मडक्यातून कोंडा काढून सुपात भरला. चिडलीबी नाई. त्याचंच मले जास्त भेव वाटलं.

मी सगळे कपडे धुतले, पेज लावली, गडव्यानं इस्त्री केली, कायले केली मलेच माहीत नाई, घाबरल्यावर हाताले जे येते तेच हात करतात. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी कपड्याचं गाठोडं, डोक्यावर सूप आन् कडेवर पोट्टा घेऊन पाटलीनबाईच्या दारात गेली.

"कोंडा परत घ्या बाई," मी म्हनली. "माहं लेकरू मले द्या."

ती पायरीवर बसली होती. सुपाकडं तिनं पाह्यलंबी नाई. म्हने, "कोंड्याचा सौदा जावळालेच संपला. त्याच्यानंतर तू कोंड्यासाठी आली का? कपड्यासाठी आली."

"कपडेबी आनले."

"ते तं माह्या पोराचे. माहेच मले देऊन राहिली. तुहं काय देऊन राहिली, सांग."

ती खोटं बोलून नव्हती राहिली. मी गाठोडं पायरीवर ठेवलं, कोंडा तिथंच ओतला, आन् पोट्ट्याच्या अंगावर होता तो कुर्ता, टोपी, मोजे, कमरेची करगोटीबी, तिच्याच घरची होती, सारं काढलं. तो रडला नाई. नुसता थंडीनं शहारला. उघडा पोट्टा छातीशी धरला आन् मी वळली. बाया दारात उभ्या राहून पाहून राहिल्या होत्या, एवढा नटलेला पोट्टा आज असा.

दहा पावलं गेली असन. मागून पाटलीनबाईनं हाक मारली, जोरात नाई, जशी रोजची मारतात तशी. "बाबू, घरी ये."

माहा पोट्टा तवर दोनच शबूद बोले, माय आन् दे. माह्या खांद्यावरून त्यानं मान काढली आन् साफ म्हनला, "आलो."

मी पळाली. त्याच दिवशी माहेरी आली, अर्जुनीकडं, रेल्वेनं, पोट्ट्याले माह्याच पदरात गुंडाळून. मधात हे दोनदा न्याले आले, मी गेली नाई. हे म्हने, "दसरा होऊन गेला, पोट्टा चांगला हाये, आता कायचं भेव?" मी काय सांगू. दसरा दर साली येते. आन् पोट्टा आता बोलते, सारं बोलते, पन मी हाक मारली तं नुसता पाहाते. माहे भाऊ, माही माय, कोनीबी हाक मारो, ओ देत नाई. कवा कवा खेळता खेळता थांबते, आन् इथंबी गावाबाहेर तलाव हाये, त्या बाजूले मान करून, कोनी न बलावता म्हनते, "आलो."

तवा मी त्याले धरून ठेवते. लय घट्ट.

काल मी त्याले सदरा शिवला. मांजरपाटाचा, बाजारातलं सगळ्यात जाडंभरडं कापड. गोटा नाई, किनार नाई, पेजबी लावली नाई. मायनं त्याले घालून पाह्यला तं हासली, "काय वो, माप घेतलं का नाई? बाह्या हाताच्या खाली लोंबून राहिल्या."

मी मुद्दामच मोठा शिवला. बाह्या दुमडून ठेवल्या हाये. पुढच्या सालीबी त्याले व्हावा, त्याच्या पुढच्या सालीबी. ओसरीत आता त्याच्यातच खेळून राहिला हाये, दुमडलेली बाही सुटते, तो वर करते, परत सुटते.